दिसते ते बरोबर? : मराठी मजकूर, डेटाबेस आणि संकेतनातील विसंगती

प्रस्तावना

चर्चासत्रांसाठी अथवा नियतकालिकांसाठी शोधनिबंध मागवणारी जी परिपत्रके महाविद्यालयांत येतात, त्यांच्या तळाशी एक सूचना बहुधा ठरलेली असते : 'निबंध युनिकोड फाँटमध्ये टंकलिखित करून पाठवावा.' काही परिपत्रकांत पर्याय म्हणून डीव्हीबी-टीटी सुरेख, श्री-लिपी किंवा कृतिदेव यांचीही नावे दिलेली असतात. ही सूचना इतक्या वेळा वाचनात आली आहे की तिच्यातील चूक आता जाणवेनाशी झाली आहे. युनिकोड हा फाँट नव्हे. अक्षर कसे दिसावे हे फाँट ठरवतो. अक्षर कोणते आहे हे युनिकोड ठरवते. या दोन गोष्टींना एकाच रांगेत बसवणारा शब्दप्रयोग ही केवळ परिभाषेतील ढिलाई असती, तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु त्या शब्दप्रयोगामागे एक निकष दडलेला आहे. मजकूर पडद्यावर आणि कागदावर नीट दिसला की तो नीट साठवला गेला, असा तो निकष होय.

प्रस्तुत लेखात या निकषाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. ग्रंथालयाची सूची, विद्यार्थ्यांच्या नावांच्या याद्या, परीक्षा विभागाच्या नोंदी, महाविद्यालयाचे संकेतस्थळ या सर्व ठिकाणी आज मराठी मजकूर डेटाबेसमध्ये साठवला जातो. तो तेथून सर्व्हरमार्फत वाचकाच्या पडद्यापर्यंत येईपर्यंत किमान चार हातांतून जातो. प्रत्येक हाताने त्याला कोणत्या संकेतनात वाचावे याविषयी एकमत नसेल, तर मजकूर बिघडतो. हा बिघाड कधी लगेच दिसतो, कधी वर्षानुवर्षे दिसत नाही, आणि लेखकाच्या मते न दिसणारा बिघाड हाच अधिक गंभीर आहे.

पाच चिन्हांचा एक शब्द

विवेचन अमूर्त राहू नये म्हणून 'मराठी' हाच शब्द घेऊ. युनिकोडच्या दृष्टीने या शब्दात पाच चिन्हे आहेत : म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. प्रत्येक चिन्हाला युनिकोडने एक क्रमांक दिलेला आहे. परंतु संगणक साठवतो ते क्रमांक नव्हे, तर बाइट. क्रमांकाचे बाइट कसे करावेत यासाठी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये जी पद्धत आखली, तिला यूटीएफ-८ म्हणतात. या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणजे 'मराठी' हा शब्द पंधरा बाइटचा होतो. 'म' हे अक्षर २२४, १६४, १७४ असे साठवले जाते. 'र' २२४, १६४, १७६ असे. काना २२४, १६४, १९० असा. 'ठ' २२४, १६४, १६० असा आणि दीर्घ वेलांटी २२४, १६५, १२८ अशी.

आता हेच पंधरा बाइट एखाद्या कार्यप्रणालीने पश्चिम युरोपीय भाषांच्या संकेतनात, म्हणजे ज्याला लॅटिन-१ किंवा त्याच्या विंडोजमधील विस्तारित रूपात विंडोज-१२५२ म्हणतात त्यात वाचले, असे समजा. त्या संकेतनात एक बाइट म्हणजे एक अक्षर. २२४ म्हणजे डोक्यावर स्वरचिन्ह असलेले फ्रेंच 'ए', १६४ म्हणजे चलनाचे सर्वसाधारण चिन्ह, १७४ म्हणजे नोंदणीकृत व्यापारचिन्हाची वर्तुळातील खूण. 'र'च्या जागी अंशाचे चिन्ह येते, कान्याच्या जागी पाऊण हा अपूर्णांक येतो, आणि दीर्घ वेलांटीच्या जागी जपानी येन व युरोपीय युरो एकापाठोपाठ उभे राहतात. ज्यांनी मराठी संकेतस्थळे पूर्वीपासून पाहिली आहेत, त्यांना ही फ्रेंच अक्षरे आणि नाण्यांची चिन्हे यांची सरमिसळ परिचित असेल. जपानी भाषेत या प्रकाराला 'मोजिबाके' असे नाव आहे. मराठीने मात्र त्याला 'कचरा येतो' एवढेच म्हणून वाटेला लावले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. वरील प्रसंगात एकही बाइट नष्ट झालेला नाही. बिघाड वाचनात आहे, मजकुरात नाही. ब्राउझरला योग्य संकेतन सांगितले की 'मराठी' पुन्हा 'मराठी' होते. याउलट दुसरा प्रकार प्रश्नचिन्हांचा. डेटाबेसला युनिकोडमधील 'म' कळतो, पण ज्या स्तंभात तो साठवायचा तो लॅटिन-१चा आहे; त्या वर्णसंचात 'म'ला जागाच नाही; म्हणून डेटाबेस त्याऐवजी प्रश्नचिन्ह ठेवतो. 'मराठी'ची पाच प्रश्नचिन्हे होतात. त्यांतून परत काही मिळत नाही. शब्दात किती चिन्हे होती एवढीच माहिती शिल्लक राहते, आणि मराठीत पाच चिन्हांचे शब्द किती आहेत हे सांगायला नको. गंमत अशी की सामान्य वापरकर्त्याला प्रश्नचिन्हे कमी भीतिदायक वाटतात, कारण ती ओळखीची आणि नीटनेटकी दिसतात. फ्रेंच अक्षरांचा गोंधळ पाहून तो घाबरतो. प्रत्यक्षात स्थिती उलट असते.

फाँटचा वारसा

दिसण्यावर सर्व भार ठेवण्याची आपली सवय कोठून आली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. भारतीय लिप्यांसाठी संकेतनाचा विचार झालाच नव्हता असे नाही. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये 'आयएस १३१९४' या क्रमांकाने इस्की हे प्रमाणित संकेतन स्वीकारले. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ मधलीच, आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे. म्हणजे अक्षराचे तत्त्व आणि अक्षराचे रूप वेगळे ठेवण्याची समज आपल्याकडे अगदी आरंभापासून होती.

मुद्रणाच्या आणि टंकलेखनाच्या व्यवहाराने मात्र दुसरी वाट धरली. श्री-लिपी, आकृती, शिवाजी, किरण, कृतिदेव अशा फाँटांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची रूपे बसवली. कळफलकावर इंग्रजी अक्षर दाबले जाई, संगणक इंग्रजी अक्षरच साठवी, आणि फाँट त्याच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवी. या फाँटांनी मराठी प्रकाशन व्यवसायाला संगणकयुगात आणले हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे, आणि त्यांची थट्टा करण्याचे काही कारण नाही. पुस्तक छापणे हाच हेतू असेल तर रूप पुरेसे असते. तथापि हाच मजकूर डेटाबेसमध्ये शिरला तेव्हा काय झाले? डेटाबेसच्या लेखी तेथे मराठी नव्हतेच. ऱ्हस्व वेलांटी दिसते त्याप्रमाणे व्यंजनाच्या आधी साठवलेली, रफार अक्षराच्या नंतर. अकारविल्हे लावावी तर ती कळफलकाच्या योगायोगानुसार लागे. शोध घ्यावा तर त्याच फाँटमध्ये, त्याच सवयीने टंकलेखन केलेले हवे. मजकूर कोणत्या फाँटचा आहे ही माहिती डेटाबेसच्या कोणत्याच स्तरावर लिहिलेली नसे. ती टंकलेखकाच्या डोक्यात असे, आणि टंकलेखक बदलला की जाई.

त्या काळात 'दिसते ना नीट?' हा एकमेव प्रश्न विचारणे समर्थनीय होते, कारण दुसरा प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. युनिकोड आल्यावर सोय झाली, पण प्रश्न मात्र तोच राहिला.

दोन चुकांची बेरीज

मायएसक्यूएल हा डेटाबेस लहान संस्थांच्या संकेतस्थळांसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसांपैकी एक आहे. तो मोफत मिळतो आणि जागा भाड्याने देणारी बहुतेक सर्व केंद्रे तो पुरवतात. ज्या कंपनीने तो घडवला ती स्वीडनमधली, आणि म्हणून त्याचा मूळ वर्णसंच लॅटिन-१ व मूळ वर्णक्रम स्वीडिश होता. ५.७ या आवृत्तीपर्यंत ही स्थिती कायम होती. २०१८ मध्ये आलेल्या ८.० या आवृत्तीने ती बदलली. यात स्वीडिश अभियंत्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्यांनी आपल्या भाषेची सोय पाहिली. ज्यांनी काही न बदलता मराठी मजकूर त्यात ओतला, त्यांचा विचार करावयाचा आहे.

त्यांच्या बाबतीत असे घडले. पानावरील अर्जातून मराठी मजकूर यूटीएफ-८च्या बाइटांत निघाला. संकेतस्थळाच्या कार्यप्रणालीने तो डेटाबेसकडे सोपवताना आपण कोणत्या संकेतनात बोलत आहोत हे सांगितले नाही. म्हणून डेटाबेसने आपल्या मूळ रिवाजानुसार तो लॅटिन-१ आहे असे मानले. स्तंभही लॅटिन-१चा. बाइट जसेच्या तसे ठेवले गेले. परत मागितल्यावर ते जसेच्या तसे दिले गेले. ब्राउझरने ते यूटीएफ-८ म्हणून वाचले आणि पडद्यावर शुद्ध मराठी उमटले. मजकूर देताना एक चूक झाली, घेताना तीच चूक उलट दिशेने झाली, आणि दोन्ही मिळून शून्य झाली. संकेतस्थळ तयार करणाऱ्याने पान पाहिले, महाविद्यालयाने पान पाहिले, देयक चुकते झाले.

अशा डेटाबेसला विचारले की 'मराठी' या शब्दात किती अक्षरे आहेत, तर तो पंधरा सांगतो. पहिली पाच अक्षरे मागितली तर 'म' मिळतो आणि 'र'चे दोन तृतीयांश. वीस अक्षरांच्या मर्यादेचा नावाचा स्तंभ असेल, तर त्यात 'ज्ञानेश्वर' मावत नाही. या नावात दहा चिन्हे, म्हणजे तीस बाइट. विसाव्या बाइटवर कात्री चालली की 'ज्ञाने' उरते आणि त्यापुढे 'श'चा तुटलेला अवशेष, जो पडद्यावर चौकोनातील प्रश्नचिन्हासारखा दिसतो. आडनावे मोठ्या लिपीत करून ठेवण्याची आज्ञा अनेक प्रणालींत इंग्रजीच्या सवयीने दिलेली असते. लॅटिन-१ समजून ती मराठीवर चालवली की प्रत्येक २२४ चा १९२ होतो, कारण ते छोट्या फ्रेंच 'ए'चे मोठे रूप आहे, आणि यूटीएफ-८मध्ये १९२ हा बाइट कधीच वैध नसतो. एका आज्ञेने सगळी यादी वाचनाबाहेर जाते. अनुक्रम लावताना 'ळ' कोठे असावा, 'क्ष' आणि 'ज्ञ' वर्णमालेच्या शेवटी असावेत की 'क' आणि 'ज' यांच्या पोटात, हे मराठी कोशकारांचे प्रश्न तेथे उद्भवतच नाहीत; डेटाबेसच्या दृष्टीने तेथे चलनचिन्हांची यादी आहे.

याचाच एक अधिक गुंतागुंतीचा प्रकार आहे. स्तंभ यूटीएफ-८चा आहे, पण जोडणी लॅटिन-१ची. तेव्हा डेटाबेस प्रत्येक बाइटला एक युरोपीय अक्षर समजून त्याचे पुन्हा यूटीएफ-८ करतो. 'म'चे तीन बाइट सहा होतात. दीर्घ वेलांटीचे सात, कारण युरोचे चिन्ह एकटेच तीन बाइट घेते. बाहेर येताना सगळे उलटे उलगडते आणि पानावर पुन्हा शुद्ध मराठी. मग कधीतरी नवा माणूस येतो. तो जाणकार असतो. तो जोडणीची चूक दुरुस्त करतो. त्या क्षणी सगळा जुना मजकूर फ्रेंच होतो आणि नवा मजकूर मराठी राहतो. तक्रारी आल्यावर तो दुरुस्ती मागे घेतो. जुना मजकूर परत येतो आणि मधल्या काळातला नवा मजकूर बिघडतो. एकाच तक्त्यात आता दोन प्रकारच्या नोंदी आहेत आणि कोणती कोणत्या प्रकारची हे कोठेही लिहिलेले नाही.

हा प्रसंग काल्पनिक नाही. मायएसक्यूएलच्या ४.१ या आवृत्तीने २००४ मध्ये स्तंभाचा आणि जोडणीचा वर्णसंच वेगवेगळा सांगण्याची सोय दिली; वर्डप्रेसने २००७ मध्ये २.२ या आवृत्तीत जोडणीचे संकेतन ठरवण्याची तरतूद केली. दोन्ही सुधारणा योग्य होत्या, आणि दोन्ही वेळा इंग्रजीखेरीज अन्य भाषांतील असंख्य संकेतस्थळांचा जुना मजकूर एका रात्रीत बिघडलेला दिसला. सुधारणेने बिघाड निर्माण केला नव्हता. तो उघड केला होता.

एका ग्रंथालयाची सूची

लेखकाला ज्या सूचीचे काम जवळून पाहता आले, ती एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची होती. मराठी ग्रंथांच्या नोंदी वर वर्णन केलेल्या पहिल्या रीतीने, म्हणजे लॅटिन-१ अशी चिठ्ठी लावलेल्या स्तंभात यूटीएफ-८ असे, अनेक वर्षे साठत गेल्या होत्या. नव्या प्रणालीत स्थलांतर करताना डेटाबेसची प्रत काढली गेली. प्रत काढणाऱ्या साधनाने चिठ्ठीवर विश्वास ठेवून सगळ्याचे युनिकोडमध्ये रूपांतर केले, आणि फाइल फ्रेंच झाली. ते पाहून संबंधित तंत्रज्ञाने ती एका छोट्या आज्ञावलीतून फिरवली. आज्ञावलीत नोंदींच्या आगेमागे असलेल्या आणि दोनदोनदा आलेल्या मोकळ्या जागा काढून टाकण्याची एक निरुपद्रवी ओळ होती. त्यानंतर त्याने रूपांतर उलटे केले, मराठी परत आले, आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

काही दिवसांनी ग्रंथपालांच्या ध्यानात आले की सूचीत 'मराठी' हा शब्द सापडत नाही. 'विठ्ठल' सापडत नाही. 'पेठ', 'कोठी', 'पाठ', 'मराठवाडा' सापडत नाहीत. सगळ्या सूचीतून 'ठ' हे एक अक्षर नाहीसे झाले होते.

कारण वर आलेल्या आकड्यांतच आहे. 'ठ'चा तिसरा बाइट १६०. युरोपीय संकेतनात १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. ओळ मोडू नये म्हणून दोन शब्दांच्या मध्ये ठेवतात ती. ती दिसत नाही. आज्ञावलीने तिला इतर मोकळ्या जागांसारखेच वागवले आणि साध्या जागेत बदलले, म्हणजे १६० चा ३२ केला. आपल्या भाषेच्या नावातच नेमके हे अक्षर असावे हा योगायोग म्हणायचा.

या हानीची दुरुस्ती बऱ्याच अंशी शक्य होती, आणि ती कशी, हे सांगणे उद्बोधक ठरेल. यूटीएफ-८मध्ये २२४ आणि १६४ यांच्यानंतर ३२ कधीच येऊ शकत नाही. म्हणून जेथे तसे दिसेल तेथे 'ठ' होता हे निश्चित. परंतु 'पाठ आणि' अशा शब्दजोडीत 'ठ'ची अदृश्य जागा आणि शब्दांमधील खरी जागा शेजारी आल्या होत्या, आणि दुहेरी जागा काढणाऱ्या ओळीने त्यांची एकच केली होती. 'ठ' परत केला की शब्द चिकटत. पुढे मात्रा किंवा हलन्त असेल तर तेथे शब्द तुटत नाही हे व्याकरणाने ठरते. स्वर असेल तर बहुधा शब्द तुटतो. पुढे व्यंजन असेल तेव्हा मात्र यंत्राचा निरुपाय होतो. 'मराठवाडा' आणि 'पाठ वाचन' यांच्यातील फरक बाइटांत उरलेला नव्हता. नोंदीच्या अखेरीस 'ठ' असेल तर दोन अनाथ बाइट तेवढे शिल्लक होते, आणि ते छाटलेल्या 'ठ'चे की स्तंभाच्या मर्यादेने कापलेल्या दुसऱ्या कोणत्या अक्षराचे हे सांगता येत नव्हते.

'ठ' हे एकमेव दुर्दैवी अक्षर नव्हे. विंडोज-१२५२ या संकेतनात १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच बाइटांना कोणतेही अक्षर नेमून दिलेले नाही. मायएसक्यूएल त्यांना सांभाळून घेतो. काटेकोरपणे चालणारी अन्य साधने मात्र ते टाकतात किंवा त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतात. देवनागरीत हे बाइट कोणाच्या वाट्याला आले आहेत? ऱ्हस्व उकार, चंद्रबिंदू, ए, ऐ, झ, आणि हलन्ताची खूण. हलन्त गेला की भाषेतील सर्व जोडाक्षरे गेली. स्थलांतराच्या वेळी साधन कोणते निवडले यावर एखाद्या सूचीतील 'महाराष्ट्र' आणि 'पुणे' टिकणार की नाही हे ठरते, आणि ती निवड बहुधा कोणी जाणीवपूर्वक केलेली नसते.

उपायांची चिकित्सा

या विषयावरील उपदेश थोडक्यात असतो : 'सर्वत्र यूटीएफ-८ वापरा.' तो चुकीचा नाही. नव्याने काम सुरू करणाऱ्यास दुसरा सल्ला देता येणार नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि दोन कारणांनी.

पहिले कारण असे की 'सर्वत्र' म्हणजे किती ठिकाणी, हे सांगणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. स्तंभ, तक्ता, जोडणी, कार्यप्रणालीतील अक्षरमालिका, सर्व्हरने पाठवलेले शीर्षक, पानातील घोषणा, आणि शेवटी कार्यालयात उतरवून घेतलेली यादी. पानात यूटीएफ-८ लिहिलेले असले तरी सर्व्हरने शीर्षकात दुसरे काही सांगितले, तर ब्राउझर सर्व्हरचे ऐकतो. पान लिहिणारा आपल्या पानाकडे पाहत बसतो आणि चूक सापडत नाही. स्वल्पविरामांनी विभागलेली यूटीएफ-८ची यादी आरंभीच्या ओळखचिन्हाशिवाय एक्सेलमध्ये थेट उघडली, की तो ती पुष्कळदा संगणकाच्या जुन्या स्थानिक संकेतनात वाचतो. परीक्षा विभागातील लिपिक ती तशीच जतन करतो, आणि डेटाबेस निर्दोष असूनही नावे बिघडतात. उपदेशातला 'सर्वत्र' हा शब्द या सातव्या ठिकाणापर्यंत क्वचितच पोहोचतो.

त्यातही मायएसक्यूएलने ज्याला 'यूटीएफ८' असे नाव दिले ते पूर्ण यूटीएफ-८ नव्हते. त्यात एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट मिळत. चार बाइटांसाठी 'यूटीएफ८एमबी४' हा वेगळा वर्णसंच २०१० मध्ये ५.५.३ या आवृत्तीत आला. देवनागरीच्या नेहमीच्या चिन्हांना तीन बाइट पुरतात, म्हणून मराठी वापरकर्त्याला याची झळ लागली नाही. पण मोडी लिपीला युनिकोडने २०१४ मध्ये, ७.० या आवृत्तीत जे स्थान दिले ते चार बाइटांच्या प्रदेशात आहे. मोडी कागदपत्रांचे युनिकोडमध्ये लिप्यंकन करून ते जुन्या 'यूटीएफ८' स्तंभात ठेवले, तर काटेकोर नियम चालू असताना डेटाबेस नोंद नाकारतो. नियम सैल असतील तर पहिल्या मोडी अक्षरापाशी मजकूर तोडतो आणि केवळ एक सूचना नोंदवून पुढे जातो. ऐतिहासिक दफ्तरांच्या अंकीकरणाचे प्रकल्प आखणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यायला हवे.

दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. हा उपदेश नव्या मजकुरासाठी आहे. जुन्या मजकुराबद्दल तो मौन पाळतो. मौनापोटी जो तो 'रूपांतर' करू लागतो, आणि येथे मराठी परिभाषा आपला घात करते. बाइट तेच ठेवून चिठ्ठी बदलणे आणि चिठ्ठी खरी मानून बाइट बदलणे या दोन परस्परविरुद्ध क्रिया आहेत. आपण दोहोंना रूपांतरच म्हणतो. लॅटिन-१ चिठ्ठीच्या स्तंभात यूटीएफ-८ असेल, तर डेटाबेसला 'युनिकोडमध्ये रूपांतर कर' अशी आज्ञा देणे म्हणजे चूक दुप्पट करणे होय. योग्य मार्ग असा की स्तंभ आधी निव्वळ बाइटांचा करावा, म्हणजे डेटाबेस त्याच्याकडे मजकूर म्हणून पाहणे सोडेल, आणि मग त्याला यूटीएफ८एमबी४ म्हणून घोषित करावे. पहिल्या क्रियेला 'पुनर्नामन' आणि दुसरीला 'संकेतांतर' अशी नावे सुचवाविशी वाटतात. याहून चांगली कोणी सुचवली तर आनंदच आहे.

स्तंभ कायमचा बाइटांचाच ठेवावा, डेटाबेसला भाषेत नाक खुपसू देऊ नये, असाही एक विचारप्रवाह आहे. विकिपीडियाचे डेटाबेस या रीतीने चालतात. ती रीत प्रामाणिक आहे : डेटाबेस 'मला माहीत नाही' असे म्हणतो आणि त्यामुळे चुकत नाही. परंतु तिच्यामागे अनुक्रम, शोध, लांबी हे सगळे सांभाळणारी स्वतंत्र यंत्रणा आणि ती चालवणारे कुशल मनुष्यबळ असते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने तिचे अनुकरण करणे म्हणजे अज्ञान अधिकृत करणे ठरेल.

मजकूर योग्य संकेतनात असला म्हणजे सर्व प्रश्न संपतात असेही नाही. 'तऱ्हा' हा शब्द युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो, आणि 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळण्यापूर्वीचा मजकूर 'अ'वर चंद्र ठेवून लिहिलेला आहे. दिसायला एक, शोधायला दोन. हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

मग परीक्षा कशी घ्यावी? पान उघडून पाहण्याऐवजी डेटाबेसला 'मराठी' या शब्दाची लांबी विचारावी, अक्षरांत आणि बाइटांत. पाच आणि पंधरा असे उत्तर आले तर साठवण योग्य आहे. पंधरा आणि पंधरा आले तर चिठ्ठी चुकली आहे. पंधरा आणि एकतीस आले तर मजकूर दुहेरी संकेतनात गेला आहे. पाच आणि पाच आले तर तेथे प्रश्नचिन्हे आहेत आणि दुसरी प्रत शोधावी लागेल. या परीक्षेला तंत्रज्ञ लागत नाही; डेटाबेसला प्रश्न विचारता येणारा कोणीही अध्यापक ती घेऊ शकतो, आणि नवी प्रणाली ताब्यात घेण्यापूर्वी, देयकावर स्वाक्षरी करण्याआधी, ती घ्यावी.

वर उल्लेखिलेल्या ग्रंथालयात ही परीक्षा उशिरा झाली. उत्तर पाच आणि पंधरा असे आले, कारण तोवर दुरुस्ती झाली होती. ज्या नोंदींत 'ठ'च्या पुढे व्यंजन होते आणि ज्या 'ठ'ने संपत होत्या, त्या मात्र वेगळ्या काढून छापाव्या लागल्या. ग्रंथपाल आणि दोन सहायक त्या कागदावरच्या जुन्या दाखल नोंदवहीशी एकेक करून ताडून पाहत आहेत. नोंदवही शाईने लिहिलेली आहे आणि तिच्यातला 'ठ' शाबूत आहे.